उष्टी हवा

रामकिसनराव,

तुमचा शेवटचा अर्ज माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. रेघांचा कागद, निळी शाई, प्रत्येक ओळ उजवीकडे जाताना जराशी खाली उतरलेली. 'मा. गुणवत्ता प्रमुख मॅडम यांस. विषय : परतीच्या हवेचा डँपर निम्म्याच्या पुढे उघडू देणेबाबत.' दर वर्षी फेब्रुवारीत तुम्ही असा एक अर्ज द्यायचा आणि दर वर्षी मी त्याच्या कोपऱ्यात 'विचाराधीन' लिहून तो फायलीला लावायची. यंदा तेवढंही लिहून झालं नाही. तुम्ही अर्ज दिलात मंगळवारी, आणि पुढच्या सोमवारी तुमच्या गावाहून, घनसावंगीहून, तुम्ही गेल्याचा फोन आला.

तीन महिने झाले. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही असं लोक म्हणतात. मला तसा काही अनुभव नाही. माझं रोज चाललेलंच आहे. फरक एवढाच की आता तुमच्या बाजूनं बोलायचं कामही माझ्याकडेच आलंय, आणि खरं सांगू का, तुमच्या बाजूनं बोलताना मला मुद्दे जास्त सुचतात.

एक गोष्ट तुम्हाला कळायची राहून गेली. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात धाकट्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मॅडम, दर उन्हाळ्यात आपली फिलिंग रूम बंद पडते. यंदाही मे महिन्यात बंद पडली तर लाइन जालन्यात ठेवायची नाही. थंड हवेच्या ठिकाणी जागा बघून ठेवली आहे." त्यांचा आवाज अगदी शांत होता. म्हणजे ठरलेलं होतं. मी विचारलं, पॅकिंगच्या बायकांचं काय? ते म्हणाले, त्या काय तिकडे येणार आहेत?

चौतीस बायका. त्यांतल्या निम्म्या तुम्हीच गेटवरून आत आणून कामाला लावलेल्या.

मी केबिनमधून बाहेर आले आणि सवयीनं मशीनरूमकडे चालायला लागले. दारापर्यंत गेल्यावर आठवलं की आत तुम्ही नाही. मग तिथंच पायरीवर बसले. साडीची पर्वा केली नाही. आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपलं भांडण सुरुवातीपासून आठवून बघितलं. कोण बरोबर होतं ते बघायला.

सुरुवात माझ्यापासून झाली. कारखाना नवा होता, डोळ्यांत घालायचे थेंब आणि सलाइनचं पाणी बनवायचा. बाटल्या भरायची खोली, ती फिलिंग रूम, म्हणजे सगळ्या कारखान्याचा जीव. तिथं जाणारी हवा आधी थंड करायची, मग इतक्या बारीक गाळणीतून सोडायची की तिच्यात जंतू राहू नयेत. मी तिकडे मुंबईच्या बाजूला एका मोठ्या कारखान्यात वर्षभर शिकून आले होते. तिथं पेनिसिलिन भरायचे. तिथला नियम असा की खोलीत एकदा फिरलेली हवा पुन्हा आत घ्यायची नाही, सगळी बाहेर फेकायची. त्या नियमाला कारण होतं. पेनिसिलिनचे कण हवेत उडतात, दुसऱ्या औषधात गेले तर ते सोसत नसलेला माणूस दगावू शकतो. मी जालन्याला येताना नियम बरोबर आणला आणि कारण तिकडेच विसरले.

हवेची यंत्रं तुमच्या हाताखाली होती. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मशीनरूममध्ये नेलंत. बाहेरून येणाऱ्या मोठ्या नळीवर हात ठेवलात. "ही बाहेरची हवा ओढती. बेचाळीस डिग्रीची. तिला थंड करून, गाळून आत सोडून राह्यलो. ती आत एक चक्कर मारती का नाही, की तिला ह्या दुसऱ्या नळीनं बाहेर फेकून देऊन राह्यलो. काहून फेकायची, मॅडम? आत्ताच तर थंड केली. परत घेऊ ना तिला."

मी म्हणाले, "ती उष्टी झाली."

"उष्टी?"

"माणसांच्या श्वासातून आलेली हवा. ती परत कशी घेणार?"

तुम्ही हसला नाहीत. मला अजून तुमचा चेहरा आठवतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "ती गाळणीतून जाती ना पुन्यांदा?" मी म्हणाले, ते मला शिकवू नका.

जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या घरात पेल्याला ओठ लागलेला कुणी पाहिला नाही. पाणी वरून ओतून प्यायचं. लोणच्याच्या बरणीत बुडवायचा चमचा वेगळा. आमटीची चव घ्यायची तर तळहातावर, आणि लगेच हात धुवायचा. मला सूक्ष्मजीवशास्त्रात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. त्या मार्कांच्या आत आमचं स्वयंपाकघर बसलेलं आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. मी वापरलेल्या शब्दावरून कुणालाही कळलं असतं. तुम्हाला कळलंच होतं.

शब्द मात्र सुटला. महिनाभरात पॅकिंगच्या बायकाही म्हणायला लागल्या, उष्टी हवा. मग रंगारी आला, नळ्यांवर नावं लिहायला. कुणी त्याला काय सांगितलं देव जाणे, त्यानं परतीच्या नळीच्या झडपेवर, म्हणजे त्या डँपरवर, लाल ऑइलपेंटनं ठळक लिहून ठेवलं : 'उष्टी हवा. उघडू नये.' बाहेरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, याचा अर्थ काय? मी घाम पुसत सांगितलं, रिटर्न एअर. तुम्ही मागे उभे होता आणि छताकडे बघत होता.

त्या शब्दाची झळ कुणाला लागली ते आता सरळ लिहिते. एप्रिलच्या मध्यापासून हवा थंड करणारा चिलर हरायचा. बाहेरची सगळी हवा बेचाळीसवरून बाविसावर आणायची, क्षणभर वापरायची, फेकायची, परत नवी बेचाळीसची घ्यायची. आपला चिलर लहान. वीज जायची, जनरेटरवर दोन्ही कंप्रेसर ओढायचे नाहीत. खोली अठ्ठावीसला पोचायची. आत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं घामानं निथळायची, आणि घाम आला की जंतू आलेच. मग मी खोली बंद करायची. भरणं बंद म्हणजे पॅकिंग बंद. अडीच महिने. शेवटच्या दिवशी पट्ट्यावरची मुकादम चंद्रकलाबाई प्रयोगशाळेच्या दारात यायची. "मॅडम, अंदाजे कधी?" मी सांगायची, हवा निवली की. ती मान हलवायची. मे महिन्यात शेतातही काम नसतं. त्या काय करायच्या ते मी कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

तुम्हाला माहीत होतं. तुम्ही त्यांच्याच जीपनं यायचा.

एकदा तुम्ही एक स्टीलचं ताट घेऊन आलात, वर रुमाल झाकून. मला वाटलं कुणाच्या तरी बारशाचे पेढे. रुमाल काढला तर दोन फडकी. एक महिनाभर बाहेरची हवा येते त्या तोंडाशी बांधलेलं, एक खोलीतून हवा परत निघते तिथं. पहिलं काळ्या मातीच्या रंगाचं झालेलं, वर कापसाची कुसं चिकटलेली. दुसरं लग्नातल्या टोपीसारखं पांढरं.

"सांगा मॅडम, ह्यातलं उष्टं कोणतं?"

मी म्हणाले, "फडक्यावर धूळ दिसते, रामकिसनराव. जंतू दिसत नाहीत."

"बराबर. मंग तुमच्या प्लेटा लावा."

प्लेट म्हणजे माझी ती काचेची चकती, जंतूंना खायला घालायची. उघडी ठेवायची, मग उबेत ठेवायची, आणि काय उगवतं ते मोजायचं. परतीची हवा आत घेऊन प्लेटा लावायच्या, इतकी साधी मागणी. दोन तासांचं काम. मी तीन वर्षं लावल्या नाहीत. वेळ नाही म्हणाले, मनुष्यबळ नाही म्हणाले. आज लिहिताना कळतंय, मला भीती वाटत होती की त्या कोऱ्या निघतील.

आणि मग तुम्ही ते केलंत.

एप्रिलचे दिवस होते. आठ दिवस खोली अशी थंड की मी खूश होऊन रोजच्या नोंदीवर सही करत होते. रोजच्या प्लेटाही कोऱ्या. नवव्या दिवशी तुम्ही आलात, दाराशी उभे राहिलात. तुमच्या तोंडावरचा आनंद मला अजून सोसत नाही. "मॅडम, एक बोलू का? आठ दिस झाले, तीच हवा फिरवून राह्यलो. डँपर म्या उघडल्ता. तुमच्या प्लेटा काय म्हणल्या?"

मी उठले. तुमच्याकडे न बघता थेट मोठ्या शेठकडे गेले आणि लेखी तक्रार दिली. आठ दिवसांचा सगळा माल अडवून ठेवला, पुन्हा तपासला. सगळा पास झाला. तरी तुम्हाला मेमो मिळाला आणि चार दिवस घरी बसवलं.

नियमानं मी बरोबर होते. हे मी तुमच्यासमोरही म्हणाले असते आणि आजही म्हणते. न सांगता औषधाच्या खोलीची हवा बदलणं ही लहान गोष्ट नाही. एखाद्या बाटलीत काही गेलं असतं तर ती कुणाच्या तरी डोळ्यात उतरली असती. तुम्ही ते करायला नको होतं. पण त्या दिवशी मी चिडले ती एवढ्यावर नाही. प्लेटा कोऱ्या निघाल्या म्हणून चिडले.

चार दिवसांनी तुम्ही आलात, मेमोच्या प्रतीवर सही केलीत आणि म्हणालात, "मेमो बराबर होता, मॅडम. हवा पण बराबर होती." आणि कामाला लागलात.

त्यानंतर मी निम्मी परवानगी दिली. निम्मी हवा परत घ्यायची, निम्मी फेकायची. लोकांना वाटलं, मॅडमनी हिशेब करून ठरवलं. कसला हिशेब! निम्म्याला कोणतंही शास्त्र नव्हतं. रागावलेल्या सासूनं सुनेला अर्धी चावी द्यावी तसं दिलं. तुम्ही रंगाऱ्याला बोलावून झडपेवरच्या अक्षरांची दुरुस्ती करून घेतलीत : 'उष्टी हवा. निम्मी उघडावी.' मला राग यायला हवा होता, पण हसू आलं, आणि तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून आपण भांडतच मित्र झालो.

अडीच महिन्यांची बंदी महिन्यावर आली. एप्रिल वाचला, जून वाचला, मे तेवढा राहिला. मोठ्या शेठनी वार्षिक सभेत माझा सत्कार केला, शाल दिली. मी घेतली. तुम्ही मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होता, अगदी मनापासून. शाल खांद्यावर असताना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा तुमचं नाव माझ्या जिभेवर होतं. मी शेठचे आभार मानले आणि बसले.

तुम्ही पुढच्या फेब्रुवारीत अर्ज दिलात. आणि त्याच्या पुढच्या.

डबा खायच्या सुट्टीत तुम्ही प्रयोगशाळेच्या खिडकीशी यायचा. एका फडक्यात बाजरीची अर्धी भाकरी आणि ठेचा. "कोरं हाय मॅडम. तोंड न्हाई लावलेलं." मी घ्यायची. मला तुमच्या घरचा ठेचा मनापासून आवडायचा, आणि मला वाटायचं, तुम्ही डबा उघडताना आधी माझा वाटा तोडून ठेवता. मला त्यात काही खटकलं नाही. हेच आता खटकतं, की मला काही खटकलं नाही.

तुमच्या तेराव्याला मी आले होते. जालन्याहून घनसावंगीपर्यंत बस, पुढे जीप. दोन्हीकडे ऊस. तुमच्या अंगणात बायकांमध्ये बसले. कुणीतरी वहिनींना सांगितलं, कंपनीच्या मॅडम आल्यात. त्या उठून आल्या, माझा हात धरला.

"तुमी त्या मॅडम का? तुमची भाकर म्या करायची. तव्यावरची पयली. ते म्हनायचे, पोरं उठायच्या आत काढून ठिव, हात लागू देऊ नको कुनाचा, मॅडमला चालत न्हाई. फडकं बी निराळंच हाय तुमचं. घ्या, बघा." आणि खरंच आत जाऊन घेऊन आल्या. धुऊन, घडी घालून ठेवलेलं.

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. मी काही खास माणूस असावी आणि तिचं पथ्य त्यांनी सांभाळलं, इतकंच. इतकी वर्षं तुमच्या घरातली पहिली भाकरी माझ्यासाठी बाजूला निघत होती, तुमच्या मुलांच्या आधी. मला इतकी लाज वाटली, रामकिसनराव, की रडूही आलं नाही.

मग जेवायला बसलो. तुमच्या म्हाताऱ्या आईंजवळ एक पणतू बसला होता, चार-पाच वर्षांचा. त्याचं जेवण अर्धं राहिलं तसं त्यांनी त्याचं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागल्या. तुम्ही मला कधीतरी म्हणाला होता, "आमच्याकडं एका ताटात चौघं जेवत्यात. माझी आई आमचंच राह्यलेलं खाती. नव्वदीला आली, तिला काय झालं?" तेव्हा मी जंतूंवर व्याख्यान दिलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत.

जीपमधून परत येताना मी ठरवलं. मनाशी शपथबिपथ काही घेतली नाही, मला ते जमत नाही. पर्समधली डायरी काढली आणि कामांची यादी लिहिली. पहिलं काम, अर्ज वाचणे. पंधरा वर्षांचे सगळे.

वाचले. दर वर्षी तुम्ही एखादं वाक्य वाढवलेलं होतं. एका वर्षी, 'माणसांना श्वासाला लागते तेवढी ताजी हवा सोडूनच बाकीची फिरवू.' एका वर्षी, 'खोलीचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच राहील, बाहेरची धूळ आत शिरणार नाही, याची जबाबदारी माझी.' मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुढच्या वर्षीच्या अर्जात होतं. मी ते वाचलेच नव्हते.

मग शिडी लावून वर चढले. या वयात, साडी खोचून. डँपरच्या दांड्यावर तुमची निम्म्याची रंगानं काढलेली खूण होती. तिच्या बऱ्याच पुढे आणखी एक होती, कानशीनं पाडलेली, बारीक, धुळीनं भरलेली. तुम्ही त्या आठ दिवसांत दाबाच्या काट्याकडे बघत बघत शोधून ठेवलेली जागा. मी घरी दोन दिवस कागदावर हिशेब मांडला, आत किती माणसं, दारातून किती हवा गळते, सगळं. माझं उत्तर तुमच्या खुणेच्याही बोटभर पुढे आलं. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सावध होता. ज्या माणसाला मी बेफिकीर म्हणून मेमो दिला त्यानं शास्त्रापेक्षा बोटभर जास्त ताजी हवा ठेवली होती. मी डँपर तुमच्या खुणेवर लावला.

मार्चभर चाचण्या केल्या. कसूर ठेवली नाही. गाळण्या बाहेरच्या माणसांकडून तपासून घेतल्या, कुठे फट नाही ना. प्लेटा खोलीत सोळा ठिकाणी लावल्या, परतीच्या जाळीच्या तोंडाशीसुद्धा. वीज घालवून बघितली, जनरेटरवर बघितलं, दोन्ही दारं मुद्दाम उघडून बघितली. जे तुम्ही पंधरा वर्षांपूर्वी दोन तासांचं काम म्हणून मागितलं होतं, ते मी महिनाभर केलं.

धाकटे शेठ म्हणाले, "मॅडम, सप्टेंबरात तुम्ही रिटायर होताय. शेवटच्या वर्षी कशाला अंगावर घेता? एक बॅच फेल गेली तर इतक्या वर्षांचं नाव जाईल."

मी म्हणाले, "ज्या नावाबद्दल बोलताय ते अर्धं माझं नाहीच."

बदलाचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना असतो, बदल कुणी सुचवला. तिथं तुमचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. शेठ म्हणाले, गेलेल्या माणसाला तपासणी अधिकारी प्रश्न कसे विचारणार? मी म्हणाले, मला विचारू दे, त्यांची सगळी उत्तरं माझ्याकडे लेखी आहेत. पुढचा रकाना असतो, यापूर्वी हा बदल का केला नाही. तिथं मी लिहिलं : गुणवत्ता प्रमुखांचा गैरसमज. खाली माझी सही. शेठनी दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

मग मे आला. यंदाचा मे तुम्हाला सांगण्यासारखा आहे. त्रेचाळीसच्या वर गेलं. औद्योगिक वसाहतीतला डांबरी रस्ता चपलेला चिकटत होता. वीज सकाळी चार तास, दुपारी तीन तास गायब. खोली बाविसावर. जनरेटरवर तेविसावर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनरूममध्ये गेले तर दोनांतला एक कंप्रेसर बंद. मी ऑपरेटरला हाक मारली. तो म्हणाला, बिघडला नाही मॅडम, त्याला काम नाही म्हणून आपोआप थांबलाय. मे महिन्यात! मी तिथं उभी राहून शांतता ऐकली.

चौथ्या दिवशी मात्र दाराजवळच्या एका प्लेटमध्ये एक ठिपका उगवला. एकच, पण उगवला. मी तुमच्यावर चिडले, अगदी मोठ्यानं, बंद प्रयोगशाळेत. हात डँपरकडे जात होता. निम्म्यावर आणला असता तर कुणी मला काही म्हटलं नसतं, उलट शहाणी म्हटलं असतं. आणि दोन दिवसांत खोली तापून बंद पडली असती. मी त्या बॅचला लाल चिठ्ठी लावली, वेगळी ठेवली आणि शोधायला बसले. तीन दिवस. ठिपका हवेतून आलाच नव्हता. प्लेट उचलताना नव्या तंत्रज्ञाच्या हातमोज्याची कड लागली होती. त्यानं स्वतःच कबूल केलं. बॅच पुन्हा तपासली, चांगली निघाली. दाराजवळ रोज दोन प्लेटा जास्त लावल्या. पुन्हा काही उगवलं नाही. डँपर हलवला नाही.

हे तुमच्याकडून शिकले असं म्हणता येणार नाही, कारण तुम्ही डँपर न सांगता हलवणारे होता. पण एकदा खरं कळल्यावर मागे न येणं, ते तुमचंच.

परवा, पंधरा तारखेला, धाकट्या शेठनी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. दर वर्षी याच सुमाराला गेटला कुलूप असतं. ते म्हणाले, लाइन कुठंही जाणार नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, "हे मॅडममुळं झालं." पुन्हा टाळ्या.

मी उठले. म्हणाले, "हे रामकिसनरावांनी मला पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. दर वर्षी लिहून दिलं. मी ऐकलं नाही. एकदा त्यांनी करून दाखवलं तर मी त्यांना मेमो दिला. तुम्ही पंधरा उन्हाळे घरी बसलात ते उन्हामुळं बसला नाहीत. माझ्यामुळं बसलात."

पंखा फिरत होता. शेठ खाली बघत होते. मी चंद्रकलाबाईकडे बघत होते, कारण तिच्याकडे न बघता हे बोलणं म्हणजे पुन्हा शेठचे आभार मानून बसण्यासारखं झालं असतं. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. मला वाटलं ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीचा तिला हक्क होता. ती पदर सारखा करत उभी राहिली.

"मंग उद्या यायचं ना, मॅडम?"

"यायचं," मी म्हणाले. "उद्या यायचं. परवा पण."